दांड्यावर फुले, तोंडावर पाऊस: घरातील ऑर्किडची कुंडी बदलण्याचा एक प्रकरण अभ्यास

बेळगावच्या टिळकवाडी भागात, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेल्या काँग्रेस विहिरीपासून फारशा दूर नसलेल्या एका जुन्या घरात, मे महिन्याच्या मध्यास ऑर्किडच्या चार कुंड्यांबाबत निर्णय घ्यायचा होता. घरच्या मुलाने ऑनलाइन मागवलेली पाइन बार्कची, म्हणजे पाइनच्या सालीच्या तुकड्यांची, पिशवी येऊन पडली होती, रविवार मोकळा होता आणि चारही कुंड्यांच्या कडांवरून मुळे बाहेर लोंबत होती. तेव्हा सगळी झाडे एकदाच काढून नव्या कुंड्यांत लावून टाकावीत, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका असून गल्लीतले सगळेच त्यांना बाई म्हणतात. त्यांचा याला विरोध होता. एका झाडावर भरगच्च फुले होती, पुढच्या आठवड्यात धाकट्या मुलीचा साखरपुडा होता आणि निपाणी व चंदगडकडचे पाहुणे यायचे होते. ‘फुलावर असलेल्या झाडाला हात लावायचा नसतो,’ एवढे बोलून त्यांनी विषय संपवला होता. शहापूरहून आलेल्या त्यांच्या नणंदेचे मत तिसरेच होते: मृगाचा पाऊस पडला की काहीही लावा, ते जगते, आतापासून घाई कशाला?

मला या घरी बोलावणे आले ते हा वाद मिटवण्यासाठी. तिन्ही मतांना काही ना काही आधार होता, पण तिन्ही मतांत एक गृहीतही समान होते: चारही कुंड्यांना एकच उत्तर लागू पडेल. प्रत्यक्षात या निर्णयात दोन स्वतंत्र प्रश्न दडलेले असतात आणि त्यांची उत्तरे दोन वेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात. कुंडी बदलण्याची गरज आहे काय, हे कुंडीतील माध्यमाची, म्हणजे मुळांभोवती मातीऐवजी भरलेल्या साल-कोळशासारख्या भरणाची, अवस्था सांगते. ती आज बदलावी की काही दिवस थांबावे, हे झाडाला फुटणारी नवी मुळे सांगतात. पुस्तकांत दिलेला ‘दीड-दोन वर्षांनी’ हा नियम पहिल्या प्रश्नाचे सरासरी उत्तर आहे आणि ‘फुले गेल्यावर’ हा नियम दुसऱ्या प्रश्नाचे. सरासरी उत्तर समोरच्या कुंडीला लागू पडतेच असे नाही. त्यात बेळगावसारख्या ठिकाणी पाऊस हा तिसरा पक्ष उभा राहतो आणि तो झाडाची सोय पाहून येत नाही.

घर आणि झाडे

घराच्या पूर्वेला ग्रिल लावलेला व्हरांडा आहे. सकाळचे कोवळे ऊन तेथे नऊ-साडेनऊपर्यंत येते आणि नंतर दिवसभर भरपूर उजेड असतो, परंतु थेट ऊन नसते. घरातील ऑर्किडसाठी याहून चांगली जागा सहसा मिळत नाही. पाणी परसातील विहिरीचे. राकसकोप जलाशयातून येणारे नळाचे पाणी बाई पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखून ठेवतात. उन्हाळ्यात एक दिवसाआड सकाळी सगळ्या कुंड्यांना सारखेच पाणी घालायचे, अशी त्यांची रीत होती.

पहिले झाड पांढऱ्या फुलांचे मोठे फॅलेनॉप्सिस (ऑर्किडचा एक प्रकार) होते. ते तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आणलेले आणि तेव्हापासून त्याच पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत होते. दांड्यावर सात फुले आणि टोकाला दोन कळ्या होत्या. दुसरे लहान जांभळ्या फुलांचे फॅलेनॉप्सिस मागच्या दिवाळीत भेट म्हणून आले होते आणि त्याची फुले नुकतीच गळून गेली होती. तिसरे डेंड्रोबियम, म्हणजे काठीसारख्या खोडांचे ऑर्किड, मातीच्या लहानशा कुंडीत लोणारी कोळसा व विटेच्या तुकड्यांत लावलेले. त्याच्या काठ्या इतक्या उंच झाल्या होत्या की वाऱ्याने कुंडी दोनदा कलंडली होती. चौथे गुलाबी फॅलेनॉप्सिस वास्तुशांतीच्या वेळचे होते. ते तळाला भोक नसलेल्या देखण्या चिनी मातीच्या भांड्यात ठेवलेले होते आणि त्याची पाने लुळी पडून सुरकुतलेली होती.

बाहेर लोंबणाऱ्या मुळांचा मुद्दा आधी निकालात काढणे आवश्यक होते, कारण मुलाचा सगळा भर त्यावरच होता. जास्वंदीच्या किंवा कढीपत्त्याच्या कुंडीतून मुळे बाहेर आली तर तिला जागा अपुरी पडते, हे खरे. फॅलेनॉप्सिस मात्र झाडांच्या फांद्यांवर वाढणारी वनस्पती आहे. खानापूर तालुक्यातील जंगलात ज्यांनी आमरी (आपल्याकडची रानातली ऑर्किड) पाहिली असेल, त्यांना तिची मुळे सालीला चिकटून किंवा हवेत मोकळी लोंबताना दिसली असतील. या मुळांवर व्हेलामेन नावाचे स्पंजासारखे मृत पेशींचे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते आणि कोरडे पडले की रुपेरी दिसते. ओले झाल्यावर आतील हरितद्रव्य दिसू लागून तेच मूळ हिरवे दिसते. तेव्हा काही मुळे कुंडीबाहेर येणे हा या झाडाचा स्वभावच आहे आणि एवढ्यावरून कुंडी बदलण्याची गरज ठरत नाही. अशी हवेत वाढलेली जुनी मुळे जबरदस्तीने माध्यमात दाबली, तर तेथील ओलाव्यात ती अनेकदा कुजतात आणि चांगल्या हेतूने केलेल्या कामातून नुकसान होते. (जंगलातील आमरी खरवडून घरी आणण्याचा मोह काहींना होतो. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय तशी आणलेली झाडे क्वचितच जगतात.)

बाहेरच्या मुळांपेक्षा खोडाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. फॅलेनॉप्सिस वरच्या दिशेने वाढत राहते आणि खालची जुनी पाने एकेक करून गळतात, त्यामुळे काही वर्षांनी उघडे खोड माध्यमाच्या वर उंच उभे राहते. नवी मुळे त्या उंचीवरून फुटतात आणि त्यांना माध्यम गाठताच येत नाही. पांढऱ्या झाडाचे खोड असे सुमारे दोन बोटे वर आले होते. ही खूण दखल घेण्याजोगी होती, पण तिच्यात तातडी नव्हती.

कुंडीत काय दिसले

माध्यम तपासण्याच्या रीती साध्या आहेत. पाणी घातल्यावर ते क्षणात खाली उतरते की वर साचून सावकाश मुरते, हे पाहावे. बार्कचा एखादा तुकडा चिमटीत दाबावा; तो कडक लागला तर ठीक, चुरा झाला तर त्याचे आयुष्य संपले. कुंडीच्या भोकाशी नाक नेऊन वास घ्यावा, कारण चांगल्या माध्यमाला पावसाळी जंगलासारखा वास येतो आणि कुजलेल्याला आंबूस, कुबट वास येतो. पाणी घातले की चिलटे उडू लागली, तर आत काहीतरी कुजत आहे असे समजावे. कुंडी उचलून तिचे वजन हाताला जोखून पाहावे: पाणी घातल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ती जड लागत असेल, तर आत हवा खेळत नाही. मुळे पाण्याअभावी जितकी मरतात, तितकीच हवेअभावीही मरतात. किंबहुना घरातील ऑर्किड बहुधा दुसऱ्याच कारणाने जातात. माध्यम जुने होऊन बारीक झाले की त्याच्या फटी बुजतात, तेवढेच पाणी अधिक काळ आत राहते आणि कालपर्यंत योग्य असलेले पाणी आज जास्त होते.

जांभळ्या झाडाच्या बाबतीत प्रश्न लवकर सुटला. माध्यम नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांचे होते, तुकडे टणक होते, पाणी सरळ उतरत होते आणि पारदर्शक कुंडीच्या भिंतीला लागून जाड, रुपेरी मुळे दिसत होती. फुले गेली होती, म्हणजे पुस्तकी नियमाने हीच योग्य वेळ होती. परंतु गरजच नसताना योग्य वेळेचा उपयोग काय? ती कुंडी जशी होती तशी राहिली.

डेंड्रोबियमबाबत बाई आणि मुलगा यांचे प्रथमच एकमत झाले होते की कुंडी फारच लहान आहे. ते दिसतही तसेच होते. पण या जातीची झाडे घट्ट कुंडीत चांगली फुलतात आणि कोळसा व वीट कुजत नाहीत, म्हणून माध्यमाकडून काही तक्रार नव्हती. बुंध्यातून दोन नवे फुटवे वर आले होते, पण त्यांना मुळे फुटलेली नव्हती. अशा वेळी कुंडी फोडून झाड बाहेर काढले, तर जुनी मुळे दुखावतात आणि नवी अजून आलेली नसतात, त्यामुळे झाडाला मधल्या काळात कशाचाच आधार उरत नाही. कलंडण्यावर उपाय म्हणून ती कुंडी तशीच एका मोठ्या जड कुंडीत बसवून मधल्या जागेत दगडगोटे भरले. घरातील कोणालाच हा उपाय फारसा रुचला नाही, कारण त्यात काही केल्यासारखे वाटत नव्हते.

गुलाबी झाडाची बाब वेगळी होती. पाने लुळी दिसली की पाणी कमी पडते असे वाटते, आणि बाईंनी ते तसेच समजून त्याला इतरांपेक्षा अधिक पाणी दिले होते. सुरकुतलेली पाने ही खूण दोन परस्परविरुद्ध कारणांनी दिसते: पाणी नसल्यामुळे, किंवा पाणी घेणारी मुळे कुजून गेल्यामुळे. या दोहोंतील फरक पानांवरून कळत नाही, माध्यमात बोट घातल्यावर कळतो. भांड्याच्या तळाशी पाणी साचलेले होते आणि बोट आत घालताच वास आला. झाड बाहेर काढल्यावर बहुतेक मुळे तपकिरी व मऊ निघाली. चिमटीत धरून ओढले की वरचे आवरण निसटून येई आणि हातात नुसता दोऱ्यासारखा गाभा राहत असे. खोडालगतची दोन-तीन मुळे तेवढी टणक होती. येथे ऋतू, नवे मूळ, फुले यांपैकी कशाचाही विचार करण्याचे कारण नव्हते. मुळे सडत असतील, तर कुंडी बदलण्याची वेळ तीच, मग ती पौषात येवो वा आषाढात. कुजलेली सगळी मुळे विस्तवावर तापवून निववलेल्या कात्रीने कापली आणि झाड दिवसभर सावलीत उघडे ठेवले. उरलेल्या मुळांना जेमतेम पुरेल एवढ्या लहान, भोके असलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत सैल स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) भरून ते त्यात लावले. मुलाला ती कुंडी हास्यास्पद वाटली, कारण पाने कुंडीच्या दुप्पट रुंद होती. कुंडी मुळांच्या मापाने घ्यायची असते, पानांच्या नव्हे. मोठ्या कुंडीतील जास्तीचे माध्यम ओले राहते आणि ती ओल शोषायला तेथे मुळे नसतात.

पांढऱ्या झाडाचा पेच

हे प्रकरण लिहून काढण्याजोगे वाटले ते मुख्यतः पांढऱ्या झाडामुळे. वरवर पाहता त्याला काहीही झालेले नव्हते. पाने टणक होती, फुले ताजी होती, कुंडीच्या भिंतीलगतचा बार्क तीन वर्षांचा असूनही बऱ्यापैकी शाबूत दिसत होता. वरच्या थरावर विहिरीच्या पाण्यातील क्षारांची पांढरट पुटे चढली होती, पण क्षार साध्या उपायाने निघतात: भरपूर पाणी अनेकदा वरून सोडून निथळू दिले की बरेचसे वाहून जातात. तेवढ्यासाठी कुंडी बदलण्याची आवश्यकता नव्हती. बाईंचे म्हणणे मान्य करून फुले संपेपर्यंत थांबावे, असेच प्रथमदर्शनी वाटत होते.

शंका आली ती कुंडीच्या वजनावरून. आदल्या दिवशी पाणी दिलेले नव्हते आणि भिंतीलगतची मुळे रुपेरी, म्हणजे कोरडी दिसत होती, तरीही कुंडी जड होती. बांबूची एक बारीक काडी कडेने आत घातली, ती कोरडी बाहेर आली. तीच काडी बुंध्याजवळ खोलवर घालून थोड्या वेळाने काढली, तेव्हा ती काळपट ओली होती आणि तिला आंबूस वास होता. रोपवाटिकेत फॅलेनॉप्सिसची लहान रोपे मॉसच्या गोळ्यात वाढवतात आणि विक्रीच्या कुंडीत लावताना तो गोळा तसाच ठेवून भोवती बार्क भरण्याची पद्धत सर्रास आहे. बाहेरचा बार्क कोरडा पडतो, तेव्हाही मधला मॉस ओला असतो. वर्ष-दीड वर्षात तो बसून घट्ट चिखलासारखा होतो. पारदर्शक कुंडीतून दिसते ती फक्त बाहेरची मुळे, आणि ती चांगली असल्याने मालकाला वाटते की सर्व ठीक आहे. या झाडाच्या मधल्या भागात किती नुकसान झाले होते, हे बाहेरून कळण्याचा मार्ग नव्हता.

म्हणून झाड कुंडीतून काढून पाहायचे ठरले. कुंडीतून काढून पाहणे आणि कुंडी बदलणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, हे बाईंना पटवणे अवघड गेले. प्लास्टिकची कुंडी बाजूंनी हलकेच दाबून, बुंध्याला धरून अख्खा गड्डा वर उचलता येतो आणि तसाच परत बसवता येतो. त्याने फुलांना धक्का बसत नाही. वर उचलल्यावर दिसले ते असे: बाहेरची मुळे उत्तम, मधला गोळा काळा आणि त्यातून जाणारी जुनी मुळे मऊ पडलेली. याशिवाय खोडाच्या वरच्या भागातून दोन नवी मुळे नुकतीच बाहेर पडली होती आणि त्यांची हिरवी ओलसर टोके नखाएवढी लांब होती. वाढत असलेल्या मुळाचे असे ताजे टोक दिसले की झाड येत्या काही आठवड्यांत नव्या माध्यमात मुळे रोवील, याची खात्री धरता येते. टोके रुपेरी आवरणाने झाकली गेली असती, तर मूळ थांबले आहे असा अर्थ झाला असता आणि मीही थांबण्याचाच सल्ला दिला असता.

दोन्ही प्रश्नांची उत्तरे अशा रीतीने एकाच दिशेला येत होती. अडचण होती ती फुलांची आणि दिनदर्शिकेची. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि येथील डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला लावतात. रात्री सतत उबदार राहिल्या, तर हे झाड पाने काढत बसते आणि फुलत नाही. थंडीत निघालेला दांडा शिमग्याच्या सुमारास फुलतो, फुले दोन-तीन महिने टिकतात आणि गळतात ती जूनमध्ये, म्हणजे नेमकी मृग नक्षत्राच्या तोंडावर. ‘फुले गेल्यावर’ हा सल्ला जेथे लिहिला जातो, तेथे फुलांनंतर कोरडा, उबदार काळ मिळत असेल. येथे फुलांनंतर आर्द्रा, मग तरणा पाऊस, मग म्हातारा पाऊस, अशी दोन-अडीच महिन्यांची झड लागते. त्या दिवसांत व्हरांड्यात वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, तेथे बुंध्याजवळचा मॉस कसा वाळणार? मे महिन्यात कोरडा वारा असतो आणि पाणी कमी करून कुजणे काही काळ रोखता येते. जुलैमध्ये पाणी पूर्ण बंद केले तरी हवाच माध्यमाला ओले ठेवते. शिवाय कुंडी बदलताना कापलेल्या मुळांच्या जखमा कोरड्या व्हाव्या लागतात आणि संततधारेत त्या चार दिवसांतही सुकत नाहीत.

नणंदबाईंचा आग्रह याच मुद्द्यावर तपासणे भाग होते. पाऊस पडला की झाडे जगतात, हा अनुभव खोटा नाही. जमिनीत लावायच्या कलमांना तो लागू पडतो. आमरीला उबदार, दमट हवा मानवते आणि तिची मुळेही याच काळात जोमाने वाढतात, तेव्हा त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य होते. पण दमट हवा हवी ती मुळे रुजल्यावर. ती रुजायच्या आधी आणि जखमा ताज्या असताना नको. त्यांच्या स्वतःच्या घरी दोन झाडे मागच्या आषाढात लावली होती आणि ती दोन्ही गेली होती. त्याचा दोष मी एकट्या पावसाला देणार नाही, कारण त्यांनी ती मोठ्या कुंडीत निव्वळ कोकोपीटमध्ये लावली होती आणि तसे केल्यावर ती मे महिन्यातही वाचली असती की नाही, याची शंकाच आहे.

मार्ग तीन होते. पहिला, फुले गळेपर्यंत थांबून जूनच्या मध्यास, पावसात कुंडी बदलायची. दुसरा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, हस्ताचा पाऊस संपेपर्यंत थांबायचे. त्यानंतरची ऑक्टोबरची उष्णता कुंडी बदलायला चांगली असते आणि केवळ खोड उंच झाले असते तर मी याच काळाची शिफारस केली असती. परंतु मधला कुजका गोळा चार महिने पावसाळ्यात तसाच ठेवणे म्हणजे बाहेरची चांगली मुळेही पणाला लावणे होते. ऑक्टोबर हुकला, तर नोव्हेंबर ते जानेवारी हात लावणे बरे नव्हे, कारण थंडीत मुळांची वाढ मंदावते आणि नवा दांडा निघायची वेळही तीच असते. तिसरा मार्ग, पाऊस सुरू होण्यापूर्वीच, म्हणजे रोहिणी नक्षत्रात, फुले असतानाच कुंडी बदलायची.

‘फुलावर असताना हात लावू नये’ हा नियम कशासाठी आहे, याचा विचार येथे निर्णायक ठरला. कुंडी बदलल्याच्या धक्क्याने कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि उघडलेली फुले लवकर कोमेजतात. झाड मात्र त्यामुळे मरत नाही. नियम फुलांचे रक्षण करतो. येथे फुलांचे मोल साखरपुड्यापुरते होते आणि साखरपुडा रोहिणी लागण्याच्या दोन दिवस आधी होता. बाईंना हे असे सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘मग समारंभ होऊ दे, दुसऱ्या दिवशी काय ते करा.’ तोपर्यंत पाणी फक्त बाहेरच्या मुळांना, कडेकडेने आणि थोडेच द्यावे, असे ठरले.

रोहिणीतील काम

समारंभानंतर फुलांचा दांडा बुडातून कापून फुलदाणीत ठेवला. पाण्यात ठेवलेला फॅलेनॉप्सिसचा दांडा बरेच दिवस टिकतो, त्यामुळे घरात फुले राहिलीच. दांडा दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापला, तर खालून पुन्हा फुलांची फांदी फुटू शकते आणि निरोगी झाडावर तसे करायला हरकत नसते. मुळे गमावलेल्या झाडाने मात्र आपली ताकद मुळांसाठीच खर्चावी, म्हणून येथे तो मोह टाळला.

मधला गोळा बोटांनी आणि काडीने सावकाश मोकळा करून काढला, मऊ मुळे कापली, टणक मुळांना हात लावला नाही. कात्री प्रत्येक झाडानंतर पुन्हा तापवली, कारण सिंबिडियम मोझेकसारखे विषाणू कापताना लागलेल्या रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातात आणि त्यांवर उपचार नाही. कापलेल्या टोकांना दालचिनीची पूड लावली. ती जखम कोरडी करते, पण निरोगी मुळांवर पडली तर त्यांनाही कोरडी करते, म्हणून टोकापुरतीच. खोडाचा खालचा निर्जीव भाग छाटल्यामुळे झाड दोन बोटे खाली बसवता आले आणि नवी मुळे माध्यमाच्या पातळीला आली. नवी कुंडी जुन्याच मापाची घेतली. पाइन बार्क आदल्या रात्री भिजवून ठेवला होता. त्यात मुठीभर लोणारी कोळसा मिसळला आणि मॉस मुळीच वापरला नाही, कारण पुढे पावसाळा होता. हेच काम ऑक्टोबरमध्ये केले असते, तर कोरड्या वाऱ्याचा विचार करून मी थोडा मॉस घातला असता. झाड हलू नये म्हणून काठीला बांधले, कारण डुलणाऱ्या झाडाची नवी टोके बार्कला घासून मोडतात. पाणी पहिले तीन-चार दिवस दिले नाही आणि खत नवी मुळे चांगली वाढू लागेपर्यंत बंद ठेवले.

एक दिवसाआड सगळ्यांना सारखे पाणी ही जुनी रीत याच वेळी मोडली. आता कुंडी उचलून पाहायची आणि हलकी लागली तरच पाणी द्यायचे, असे ठरले. मुलगा व सूनबाई यांनी ते काम वाटून घेतले. पावसाळ्याचा जोर वाढल्यावर पत्र्यावरचे पहिले काही दिवसांचे पाणी सोडून नंतरचे पिंपात धरायचे आणि विहिरीच्या पाण्याऐवजी तेच वापरायचे, हा त्यांचा स्वतःचा विचार होता आणि क्षारांच्या पुटांवर तो चांगलाच लागू पडला.

पुढच्या हंगामापर्यंत

पांढऱ्या झाडाचे तळाचे एक पान जूनअखेरीस पिवळे पडून गेले. बाईंना ते कुंडी बदलल्याचे फळ वाटले आणि काही अंशी ते तसे होतेही. मुळे कमी झाल्यावर झाड जुन्या पानातील साठा काढून घेते. दोन्ही नवी मुळे श्रावणात कुंडीच्या भिंतीला टेकलेली दिसली आणि गणपतीपर्यंत नवे पान अर्धे वर आले. जानेवारीत दांडा निघाला. त्यावर मागच्या वर्षीपेक्षा फुले कमी आली, आणि मुळे गमावलेल्या झाडाकडून याहून अधिक अपेक्षा करणे रास्त नव्हते.

गुलाबी झाडाने दोन पाने गमावली व एक नवे काढले. मॉस सैल असल्याने आणि कुंडी लहान असल्याने ते पावसाळ्यात तगले, दसऱ्याच्या सुमारास त्याला तीन चांगली मुळे आली, पण थंडीत दांडा निघाला नाही. निघाला असता, तर मी तो कापायलाच सांगितला असता. डेंड्रोबियमच्या फुटव्यांना जूनच्या उत्तरार्धात मुळे आली. कोळसा-विटेतून पाणी क्षणात निथळत असल्याने पावसात ती कुंडी हलवायला हरकत नव्हती. परंतु दगडगोट्यांनी कलंडणे थांबले होते, म्हणून ते काम आणखी एका वर्षावर ढकलले.

या मे महिन्यात तपासायची आहेत ती दोन झाडे. गुलाबी झाड मॉसमध्ये आहे आणि मॉसला वर्ष होत आले, म्हणून त्याचा गड्डा रोहिणीपूर्वी उचलून पाहायचा आणि नव्या मुळांची टोके दिसत असतील, तर त्याला बार्कमध्ये हलवायचे. जांभळ्या झाडातील सोडणाचे तुकडे आता कडेला मऊ लागू लागले आहेत, पण बुंध्याजवळची काडी अजून स्वच्छ बाहेर येते; शिवाय त्याचा दांडा यंदा उशिरा निघाल्याने फुले जूनच्या मध्यापर्यंत राहतील. माध्यम तोवर टिकले, तर त्याची कुंडी ऑक्टोबरमध्ये बदलावी, असे मी सुचवले आहे. बाईंना ती रोहिणीतच बदलायची आहे आणि फुले कापायला या वेळी त्यांची हरकत नाही.